मिरचीच्या दिवसातला विसरभोळा कॉम्प्युटर

काल पुन्हा मिरचीच्या गाड्या आल्या. दिवस निघाच्या आधीच चौकात हॉर्न वाजला, सम्यक माह्या कुशीतून दचकून उठला, अन् त्याच्या संग मीबी दचकली.  मागच्या सालीबी असाच वाजला होता. आमच्या इकडं धान कापून, चुरून घरात आलं की अर्धं गाव तेलंगणात मिरची तोडाले जाते. बोचकी, रांधायचे गंज, तांदळाचे चुंगडे गाडीवर चढतात, अन् त्याच्यावर माणसं चढतात. होळीच्या मागंपुढं वापस येतात, तवा त्यायच्या अंगाले, कपड्याले, केसाले मिरचीचा वास असते, लेकराले जवळ घेतलं तं लेकरू शिंकते. तवापर्यंत गावात कोण राहते, तं ज्यायचे गुडघे गेले ते, अन् जिच्या कडेवर लेकरू आहे ती.

मागच्या साली मी पयल्यांदा राह्यली. सम्यक पाच महिन्याचा होता. मिरचीच्या वावरात लहान लेकराचे डोळे लय जळतात, म्हणून सासूबाई अन् हे गेले, अन् मी राह्यली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तवा मी घरात आली, कडी लावली, मंग उघडली, मंग पुन्हा लावली. दिवसाउजेडी कडी कोण लावते. पण रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं, अन् जंगल तं आमच्या धानाच्या बांधीच्या पलीकडूनच सुरू होते. वाघाची भीती वेगळी, अन् माणूस नसल्याची भीती वेगळी. वाघ आला तं कुत्रे तरी भुकतात.

आमच्या घरात एक कॉम्प्युटर आहे. लय जुना. आरमोरीचा एक टायपिंग क्लास बंद पडला तवा सम्यकच्या बाबानं आणलेला, मोठ्या पोटाच्या टीव्हीसारखा त्याचा पडदा. हे लग्नाचे फोटो काढतात, अन् ते त्याच्यात टाकून ठेवतात. मी नववीतून शाळा सोडलेली, मले इंग्रजी अक्षरं ओळखू येतात, पण ते मिळून काय म्हणतात ते कळत नाई. म्हणून मी त्याले हात लावत नव्हती. वरतून फडकं टाकलेलं राहे, त्याच्यावर कधी कधी कोंबडी बसे.

त्या कॉम्प्युटरमधी सरूआजीचा बुढा होता.

सरूआजी म्हणजे आमची शेजारीण, तिच्या घरापुढची सपरी आमच्या सपरीले लागून. तिचे पोरं बल्लारपूरले कामाले, अन् आजी इथी एकटी. तिचा बुढा, आमचे आबाजी, गेले तेबी मिरचीच्या दिवसातच, त्याच्या मागच्या साली. तवा आमी सगळे तेलंगणात होतो. खांदा द्याले चार माणसं जमवाता जमवाता दुपार झाली, असं आजी सांगे. आबाजीचा एकबी फोटो कुठी नव्हता. जे सरकारी कार्ड होतं त्याच्यावरचा घासून घासून पांढरा झालेला. पण आमच्या ह्यायनं एकदा नवीन कॅमेरा आणला तवा खळ्यावर बसलेल्या आबाजीचा फोटो काढला होता, तेवढा एक आमच्या कॉम्प्युटरमधी राह्यला. आमी वापस आल्यावर आजीले तो दाखवला तवा आजी पाट ओढून समोरच बसली. मंग म्हणे, "दात नाई, अन् हासते पाहा कसा."

गाड्या गेल्याच्या चौथ्या दिवशी आजी आली. महिन्याभरानं आबाजीले साल होणार होतं, पोरं येणार होते, बुद्धवंदना घेऊन पुण्यानुमोदन करायचं होतं. आजी म्हणे, "सम्यकच्या माय, दाखव वं जरा माह्या बुढ्याले."

मी फडकं काढलं, खिळ्यावर टांगलेली वायर काढून बोर्डात लावली, अन् मोठं बटन दाबलं. आतमधी पंखा घरघरला. एक लांब बीप वाजली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, अन् तिथीच थांबली. चित्र नाई, काही नाई. मी बंद केला, पुन्हा लावला. तीच अक्षरं. आजी माह्या मांगं उभी. तिनं हळूच इचारलं, "गेला का वं?"

 ती वायर मी काढली होती. आमच्या इकडं घर सोडताना करायची एक रीत आहे. मिरचीले जा का बाळंतपणाले जा, जाच्या आधी सगळ्या वायरी बोर्डातून काढायच्या, गुंडाळून खिळ्यावर टांगायच्या, मंग कुलूप लावायचं. वीज पडते, उंदीर कुरतडते, शॉट होते. धानाच्या रोवणीच्या वक्ताले मी माहेरी बाळंतपणाले गेली तवा सासूबाईनं मले उभं करून सगळ्या वायरी काढाले लावल्या. पावसाळ्यात लग्नं नाई, म्हणून मंग ह्यायनंबी तो लावला नाई. रोवणीपासून दिवाळी गेली, धान आलं, वायर खिळ्यावरच. मले वाटलं, भूक लागून माणूस मरते तसा हा करंटवाचून मेला, अन् आजीचा बुढा दुसऱ्यांदा गेला, अन् ह्या वक्ताले माह्या हातानं गेला.

मी आजीले म्हणलं, "नाई आजी, आहे आतमधीच. दार उघडून नाई राह्यलं."

आजी म्हणे, "सोताच्या घरी तरी यानं कधी एका हाकेत दार उघडलं." अन् हासली. पण घरी जाताना तिनं पदर तोंडाले लावला होता, ते मी पाह्यलं.

माह्याजवळ साधा बटनाचा मोबाईल. फोटोवाले मोबाईल सगळे तेलंगणात गेलेले. आमच्या घरात नेटवर्क येत नाई, हापशीच्या ओट्यावर उभं राह्यलं तं येते. अन् तिकडं ह्यायले नेटवर्क येते ते कालव्याच्या पाळीवर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे दिवसातून एकदाच बोलणं, तेबी मुकादम हाक मारेपर्यंत. पडदा घरात, अन् मी हापशीवर. मंग काय करू, तं सम्यकच्या लशीच्या कार्डाच्या मांगं ती सगळी अक्षरं मी उतरवून घेतली. लिहिली नाई, रांगोळी पाहून काढावी तशी काढली. हापशीवर जाऊन एक एक अक्षर त्यायले वाचून दाखवलं. सम्यक कडेवर रडे, ऊन डोक्यावर, अन् मी म्हणे, सी, एम, ओ, एस. सगळं संपलं तवा मी म्हणलं, "अजी, मी मारला का त्याले?"

 हे तिकडून म्हणे, "अवं, काही मेला नाई तो. त्याच्यात एक गोल सेल राहते, रुपयाएवढा. तो जुना झाला, संपला. लाईन बंद असली की त्या सेलवर तो याद ठेवते, आज दिवस कोणता, अन् चालू झाल्यावर कुठून काय उघडायचं. आता सगळं विसरला. एफ वनचं बटन दाब, पुढं जाते."

एवढंच बोलणं झालं. मुकादमानं हाक मारली.

मी घरी पळाली. एफ वन दाबलं. दहा वेळा दाबलं. पडदा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवसाची दुपार होईपर्यंत मी काय खाल्लं मले याद नाई. दुसऱ्या दिवशी ह्यायनं डोकं खाजवून सांगितलं की हा नवा किबोर्ड चपट्या पिनचा आहे, अन् सगळं विसरला म्हणजे तो त्यालेबी ओळखत नसन. जुना गोल पिनचा पाह्यजे. कुठी ठेवला ते त्यायले याद नाई. मले होतं. सासूबाईनं तो कोंबड्याच्या खुराड्याच्या तोंडाले लावला होता. बरोबर मापाचा होता.

मी खुराड्यातून तो काढला तवा त्याच्यावर काय काय होतं ते सांगत नाई. ओल्या फडक्यानं पुसला, सपरीत उन्हात ठेवला. सरूआजी खराट्याची काडी घेऊन बसली, अन् एक एक बटनाच्या फटीतून कोंडा अन् पिसं काढे, पोरीच्या डोक्यातल्या उवा काढाव्या तशी. एक पूर्ण दिवस तो वाळला. त्या दिवशी आजी सांजवेळेपर्यंत माह्या सपरीत होती. सम्यकले मांडीवर घेऊन तिनं त्याचे पाय चोळून देल्ले. मी आंबील केली, आमी दोघी प्यालो. गाड्या गेल्यापासून त्या दिवशी पयल्यांदा मी कडी लावली नाई.

गोल पिनच्या किबोर्डानं एफ वन चाललं. पण पुढं पुन्हा काळा पडदा, दुसरी अक्षरं. पुन्हा लशीच्या कार्डावर, पुन्हा हापशी. एका दिवशी एक सवाल, अन् त्याचा एक जबाब. आता तो आतली डिस्क सोडून भलतीकडंच शोधत होता. ह्यायनं सांगितलं, सुरू होतानाच डिलीट दाबत राह्य, निळा पडदा येईन, भिऊ नोको. बाणाच्या बटनानं खाली जाय, पयलं कुठून सुरू करायचं ती ओळ पाहाय, तिथी एचडीडी झिरो आण, तीच आतली डिस्क. दुसऱ्या कोणत्या ओळीले हात लावू नोको. मंग एफ टेन, मंग वाय, मंग एंटर. मी ते कार्डावर लिहिलं. तवापर्यंत बाळाच्या लशी एका बाजूले, अन् कॉम्प्युटरच्या दुसऱ्या बाजूले, अशी कार्डाची गत झाली होती. अंगणवाडीच्या बाईनं पाह्यलं तवा म्हणे, हे कोणतं इंजेक्शन?

भिऊ नोको म्हणाले, पण निळा पडदा आला तवा मी भेलीच. सगळ्या घरात निळा उजेड पडला. बाणाचं बटन दाबाले माहं बोट उठत नव्हतं. चुकून भलत्या ओळीवर काही झालं तं? मी सम्यकले आजीजवळ देल्लं, अन् आजीले म्हणलं, काही बोलू नोका. खाली, खाली, खाली. ओळीवर आली. बटन दाबलं, भलतंच नाव आलं. पुन्हा दाबलं, आणखी तिसरंच. अन् मंग एचडीडी झिरो. कार्डावरच्या अक्षराले अक्षर लावून पाह्यलं. एफ टेन. वाय. अन् तेवढ्यात लाईन गेली.

मी रडली. आजीनं काही समजावलं नाई, तिनं मले रडू देल्लं, अन् सम्यकले खेळवलं. दोन घंट्यानं लाईन आली. मी डोळे पुसले अन् पयल्यापासून सगळं केलं.  पडदा काळा झाला, मंग उजेडला, अन् कोपऱ्यात फोल्डर उगवले, धानाले कोंब फुटावे तसे, एक एक.

आबाजी खळ्यावर बसलेले होते. दात नव्हते. हासत होते.

आजी पडद्याच्या जवळ गेली. अगदी जवळ. पदरानं तिनं आबाजीच्या तोंडावरची धूळ पुसली. धूळ काचीवरची होती, पण तिनं पुसली ती त्याच्या तोंडावरची.

मंग एक रोजचं सुरू झालं. दिवस मावळताना मी भीतीपायी वायर काढून खिळ्यावर टांगे. हे फोनवर म्हणत, राहू दे लावलेली, विसरणार नाई. पण रातच्याले घरात मी अन् लेकरू, अन् वरतं लाकडाचा माळा, मले नाई होत हिंमत. अन् वायर काढली की कॉम्प्युटर रोज सगळं विसरे. रोज सकाळी बीप, रोज एफ वन, रोज निळा पडदा, एचडीडी झिरो, एफ टेन, वाय. आता मले कार्ड लागत नव्हतं. अन् सगळं सुरू झालं की तो सांगे, आज एक जानेवारी, अन् साल असं, की तवा मी मायच्या कडेवर होती. मी त्याले आजची तारीख सांगे.

पण आजची तारीख कोणती, तेच मले मालूम नसे. गावात माणसं असली की दिवस आपोआप कळते. आज बाजार, आज बचत गटाची सभा, आज कोणाचं तरी काहीतरी. रिकाम्या गावात सगळे दिवस एकासारखे एक. मंग मी आजीले इचारे, आजी म्हणे, परवा पौर्णिमा, अन् त्याच्यावरून मी कॅलेंडरावर बोट ठेवून मोजे. आमी दोघी मिळून रोज तारीख काढत होतो, अन् त्या मशीनले सांगत होतो. दिवसभर मले कोणी काही इचारत नव्हतं. जेवली का, झोपली का, लेकराले बरं आहे का, कोणीच नाई. तो एक इचारे, आज कोणता दिवस. अन् मी जे सांगीन ते मानून घे.

ह्यायले मी एकदा इचारलं, रोज विसरते तं एक दिवस फोटोबी विसरन का. ते म्हणे, नाई, दिवस अन् वाट तेवढी विसरते, आत ठेवलेलं जागच्या जागी राहते. हापशीवरून घरी येईपर्यंत मी तेच घोकत आली.

अन् त्याच दिवशी त्यायनं आणखी एक सांगितलं होतं. म्हणे, टेबलाच्या कप्प्यात पेन ड्राईव्ह आहे, त्याच्यात तो फोटो घे, आरमोरीले जाऊन कागदावर काढून आण, फ्रेम कर, आजीले देऊन टाक. कसं घ्यायचं तेबी सांगितलं. निळ्या पडद्यापुढं ते तं काहीच नव्हतं.

मी आजीले सांगितलं नाई.

आज लिहिते म्हणून लिहिते. मी सांगितलं नाई. आजी रोज दुपारी ये, आबाजीच्या समोर बसे, त्याले बोले, मले बोले, सम्यकले घे, तवा मी भाकर टाके, डोकं धुवे. फोटो हातात आला तं ती कायले येईन? आज सांगीन, उद्या सांगीन, असे पंधरा-अठरा दिवस मी काढले. माह्यासारखं आजीलेबी घरात कोणी नाई, हे मले दिसत नव्हतं असं नाई. पण फोटोसाठी तिचा जीव तुटते, हे जास्त दिसे, अन् तरी मी गप.

अन् एके दिवशी तो सुरूच झाला नाई. बीपबी नाई. पंखा घरघरे अन् थांबे. तीन वेळा केलं. आजी अजून आली नव्हती. मी तिथीच खाली बसली. पुण्यानुमोदनाले आठ दिवस राह्यले होते, पोरं येणार, मेणबत्त्या लावणार, अन् त्याच्या मांगं ठेवाले काही नाई, अन् ते माह्यापायी नाई. मी त्या लोखंडी डब्ब्यावर हात ठेवला, लेकराच्या तापलेल्या अंगावर ठेवतो तसा, अन् म्हणलं, आजच्या दिवस ऊठ बाप्पा, मंग तुले त्रास देणार नाई.

चौथ्या वक्ताले बीप वाजली.

मी तारीखबी सांगितली नाई त्याले. पयले पेन ड्राईव्ह लावला, फोटो घेतला, सम्यकले पाठीले बांधलं, अन् जीपनं आरमोरीले गेली. फोटोवाल्यानं इचारलं, वहिनी, भाऊ तं मिरचीले गेले ना, मंग काढून कोणं देल्ला? मी म्हणलं, मी. तो मशीन चालू करता करता मांगं वळून पाहाले लागला.

सांजच्या आत मी आजीच्या सपरीत होती. फ्रेम तिच्या हातात देल्ली, अन् सगळं सांगून टाकलं, की मले किती दिवसापासून मालूम होतं.

आजीनं फ्रेम धान मोजाच्या पायलीवर टेकवून ठेवली. लांबून पाह्यली. मंग म्हणे, "मले मालूम नव्हतं का? रेशन कार्डावर माहा फोटो काय कॉम्प्युटरातून उडून आला? कागदावर निघते, मले मालूम होतं. मीच बोलली नाई."

मी म्हणलं, "काऊन आजी?"

"तुह्या घरी याले काही कारण पाह्यजे होतं ना, पोरी."

पुण्यानुमोदन झालं. गावात माणसं नव्हती, तं बुद्धवंदनेले सपरीभरबी लोक नव्हते. तीन मेणबत्त्या, पांढरी फुलं, अन् मांगं आबाजी हासणारे. मोठा पोरगा म्हणे, आता मायले इथी एकटी ठेवत नाई. बल्लारपूरची गाडी आली तवा आजीच्या एका हातात गाठोडं, अन् फ्रेम लुगड्यात गुंडाळून काखेत. तिनं सम्यकचा मुका घेतला. माह्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, "कडी लावत नोको जाऊ दिवसाची." पोरायनं आजीच्या घराले कुलूप लावलं. लावायच्या आधी आजीनं सगळ्या वायरी काढून खिळ्यावर टांगल्या.

त्याच्यानंतरच्या दुपारी कशा गेल्या ते मले लिहिता येत नाई. मी कॉम्प्युटरले म्हणलं होतं, तुले त्रास देणार नाई. दोन दिवस देल्ला नाई. तिसऱ्या दिवशी देल्ला.

होळीच्या आधी हे आले तवा तिकडून सेल घेऊन आले, पॅकेटमधला, चकचकीत, गोल. म्हणे, हा बसवला की झंझट संपली, आपोआप सुरू होईन, तारीखबी सांगा लागणार नाई. मी म्हणलं, बसवते. सालभर शेती होती, लग्नाचे फोटो होते, वायर लावलेलीच राहे, कधी लाईन जाऊन विसरला तं मीच एफ वनपासून सगळं करून दे, म्हणून कोणाले त्याची याद आली नाई. सेल तुरीच्या डाळीच्या डब्ब्यात राह्यला.

काल गाडीवर चढताना त्यायले एकदम आठवलं. वरतून म्हणे, तो सेल बसवला का वं? मांगून हॉर्न वाजत होता, सासूबाई बोचकं सांभाळत होत्या, सम्यक बाबाकडं हात करत होता. मी मान हलवली. हो म्हणून हलवली का नाई म्हणून, ते त्यायले गर्दीत दिसलं नसन.

रातच्याले मी सगळ्या वायरी काढून खिळ्यावर टांगल्या.

आज सकाळी उठून वायर लावली. बीप वाजली. एफ वन. डिलीट. निळा उजेड भिंतीवर पडला, सम्यक टाळ्या वाजवाले लागला. एचडीडी झिरो, एफ टेन, वाय. फोल्डर आले. तो म्हणे, आज एक जानेवारी. मी कॅलेंडरापाशी गेली, बोट ठेवून मोजलं, वापस आली, अन् त्याले आजचा दिवस सांगितला. त्यानं मानला.